जाल ना, परतू र : प्रवास, सुटी आणि गावांच्या नावांतील अक्षरखेळ (जालना जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

एखाद्या शब्दातील अक्षरे न वाढविता, न गाळता, केवळ त्यांचा क्रम बदलून दुसरा अर्थपूर्ण शब्द तयार करणे या खेळास इंग्रजीत ‘अ‍ॅनाग्राम’ म्हणतात. मराठीत त्यास अक्षरव्यत्यास किंवा अक्षरपालट असे म्हणता येईल. युरोपात या खेळाची परंपरा जुनी आहे. गॅलिलिओने १६१० मध्ये शनीविषयीचे आपले निरीक्षण उघड न करता त्यावर हक्क सांगण्यासाठी अक्षरांची उलटापालट केलेली ओळ मित्रांकडे धाडली होती. आधुनिक भाषाविज्ञानाचा प्रवर्तक मानला जाणारा फेर्दिनां द सोस्यूर याने १९०६ ते १९०९ या काळात लॅटिन काव्यात दडलेल्या अशा अक्षररचनांचा शोध घेत वह्याच्या वह्या भरल्या. म्हणजे हा विषय केवळ रिकामपणाच्या करमणुकीचा नाही. भाषा कोणत्या तुकड्यांची बनलेली आहे, हा प्रश्न त्याच्या तळाशी असतो.

मराठीच्या बाबतीत मात्र ‘आपल्या लिपीत असा खेळ जमत नाही’ असे विधान वारंवार केले जाते. सुटीच्या दिवसांत मुलांच्या हाती दिल्या जाणाऱ्या कोड्यांच्या पुस्तिकांत स्थळनामांची इंग्रजी अक्षरे विस्कटून दिलेली असतात. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यालाही आपल्या गावाचे नाव रोमन लिपीत जुळवावे लागते. हे विधान खरे आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी प्रवास व सुटी यांच्याशी निगडित शब्द, आणि विशेषतः जालना जिल्ह्यातील व त्याच्या शेजारची गावांची नावे आधारास घेतली आहेत. हा जिल्हा १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांच्या भागांतून निर्माण झाला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, परतूर, मंठा, अंबड व घनसावंगी हे त्याचे आठ तालुके होत. या आठ नावांतच मराठी अक्षरखेळाच्या बहुतेक सर्व शक्यता आणि अडचणी सामावलेल्या आहेत.

घटक कोणता : वर्ण की अक्षर?

रोमन लिपीत स्वर व व्यंजने सुटी सुटी, एका ओळीत उभी असतात. म्हणून त्यांची अदलाबदल सोपी. देवनागरीत स्वर व्यंजनाला काना, मात्रा, वेलांटी, उकार या रूपाने चिकटतो. ‘जालना’ या नावात वर्ण सहा आहेत : ज्, आ, ल्, अ, न्, आ. पण लिहिणाऱ्याला आणि बोलणाऱ्याला जाणवतात ती तीनच अक्षरे : जा, ल, ना. वर्ण घटक मानून खेळ मांडला तर कान्यामात्रा सुट्या करून पुन्हा जोडाव्या लागतात आणि डोळ्यांना ओळखीचे काही उरत नाही. अक्षर हा घटक मानला तर मात्र खेळ लगेच उभा राहतो. वृत्तपत्रांतील मराठी शब्दकोड्यांनी हे कधीच स्वीकारलेले आहे. तेथे एका चौकोनात एक अक्षर बसते, मग ते ‘क’ असो वा ‘क्ष्मी’.

अक्षर हा घटक धरून दोन अक्षरांचे शब्द पाहिले तर प्रवासाच्या शब्दांत सुरेख जोड्या सापडतात. ‘गड’ उलटा केला की ‘डग’ होतो, आणि गड चढायचा तो डग भरतच. ‘कडा’ उलटला की ‘डाक’, ‘वन’ उलटले की ‘नव’, ‘नदी’ उलटली की ‘दीन’, ‘तीर’ उलटले की ‘रती’. ‘देव’ उलटला असता ‘वदे’ असे क्रियापद मिळते. ‘वारी’ची उलटी वाट थेट मध्य प्रदेशातील ‘रीवा’ या शहरी जाऊन पोहोचते. जालन्याच्या दक्षिणेस असलेल्या ‘बीड’ची ‘डबी’ होते. तीन अक्षरांत ‘कळस’ व ‘सकळ’ ही जोडी आहे. ‘नाशिक’मधील ‘ना’ शेवटी नेला की ‘शिक ना’ असा प्रेमळ आग्रह तयार होतो. चार अक्षरांच्या ‘पनवेल’मधून ‘पल नवे’ निघतात. अशी उदाहरणे पाहिल्यावर मराठीत अक्षरव्यत्यास जमत नाही, हे विधान टिकत नाही. तो वर्णांवर जमत नाही, अक्षरांवर जमतो, एवढाच त्याचा खरा आशय आहे.

अर्थात अडचणी आहेत, आणि त्या शिकवण्यासारख्या आहेत. पहिली अडचण संयोगाची. अंबड येथील मत्स्योदरी देवीचे स्थान सहलींसाठी सर्वपरिचित आहे. टेकडीचा आकार मत्स्याच्या उदरासारखा, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. ‘मत्स्योदरी’ या नावात वर्ण दहा, पण अक्षरे चारच : म, त्स्यो, द, री. यांतील ‘त्स्यो’ हे अक्षर शब्दारंभी नेले तर मराठी जीभ अडखळते. असे जड अक्षर ज्या नावात असते ते नाव जागचे हलत नाही. दुसरी अडचण स्वतंत्र स्वराची. ‘अंबड’मधील ‘अं’ आरंभी शोभतो, मध्ये वा शेवटी नेल्यास ‘बडअं’ अशी परकी आकृती उमटते. तिसरी अडचण ‘ण’ आणि ‘ळ’ यांची. मराठी शब्द या दोन व्यंजनांनी सुरू होत नाहीत. त्यामुळे ‘पुणे’ उलटता येत नाही आणि ‘लेणी’ही नाही. खेळ जेथे अडतो तेथे भाषेचा एकेक नियम उघडा पडतो, ही बाब व्याकरणाच्या शिक्षकाने ध्यानात घेण्याजोगी आहे.

नावात दडलेले जाणे आणि येणे

तीन अक्षरांची सहा क्रमांत मांडणी होऊ शकते. ‘जालना’च्या सहा रूपांपैकी ‘नाजाल’ हे रूप तोडून वाचले तर ‘ना जाल’, म्हणजे ‘जाणार नाही’. आणि मूळ नाव, एकही अक्षर न हलविता, केवळ मध्ये थांबून वाचले तर ‘जाल ना?’ एका बाजूने आर्जव, दुसऱ्या बाजूने नकार. संस्कृत साहित्यशास्त्रात शब्द तोडून साधणाऱ्या श्लेषास सभंग श्लेष म्हणतात. ‘जाल ना’ हा त्याचा निर्दोष नमुना होय. निर्दोष अशासाठी की तो कानावरही टिकतो. मराठीत शब्दाच्या मध्ये येणारा ‘अ’ बहुधा अनुच्चारित राहतो. ‘जालना’ हे आपण ‘जाल्ना’ असेच उच्चारतो आणि ‘जाल ना’ यातही ‘ल’ हलन्तच उच्चारला जातो. फरक उरतो तो सुरावटीचा. प्रश्नाचा सूर चढला की गावाचे नाव क्रियापद होते.

मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर जालन्यानंतर परभणीच्या दिशेने परतूर लागते. ‘परतूर’ हे नावही तोडता येते : ‘परतू र’. मराठवाड्याच्या बोलीत ‘चल र’, ‘बस र’ असा ‘रे’चा आखूड उच्चार सर्रास ऐकू येतो. तेव्हा एकाच लोहमार्गावर एक स्थानक ‘जाल ना?’ असे विचारते आणि पुढचे एक ‘परतू र’ असे म्हणते. येथे मात्र श्लेष कानापेक्षा कागदावर अधिक साधतो. गावाच्या नावातील शेवटचा ‘र’ हलन्त आहे, बोलीतील संबोधनाचा ‘र’ स्वरयुक्त आहे. हेच नाव ‘पर तूर’ असेही फुटते, आणि तुरीचे पीक घेणाऱ्या या टापूत ते विशोभित दिसत नाही. ‘लातूर’ची अक्षरे फिरविल्यास ‘तूर ला’ मिळते. यातील ‘ला’ हिंदी आहे, पण मराठवाड्यातील बाजारपेठेत ते कोणाला परके वाटणार नाही. परतूरमध्ये ‘र’ दोनदा आल्यामुळे चार अक्षरांच्या चोवीस मांडण्या न होता बाराच होतात, हा गणिताच्या तासाला उपयोगी पडणारा तपशील आहे.

द्विभाषिकतेचा उल्लेख झाला, तेव्हा ‘जालना सोने का पालना’ या सुप्रसिद्ध उक्तीकडे वळणे प्राप्त आहे. ती मराठीत नाही, दखनी-हिंदी वळणाची आहे, आणि तिचा सगळा जीव ‘जालना–पालना’ या यमकात आहे. मराठीत ‘पाळणा’ म्हणताच यमक ढिले पडते, कारण ‘ल’चा ‘ळ’ आणि ‘ना’चा ‘णा’ होतो. निजामी राजवटीतील व्यापारी पेठेत अनेक भाषा एकत्र नांदत होत्या. त्या सहवासाची खूण या चार शब्दांत शिल्लक राहिली आहे. नावाची आख्यायिकाही अशीच ध्वनिसाम्यावर उभी आहे. गावाचे पूर्वीचे नाव जनकपुरी होते आणि पुढे एका सधन मुसलमान विणकराच्या, म्हणजे जुलाह्याच्या, इच्छेवरून ‘जालना’ झाले, असे सांगण्यात येते. इतिहास म्हणून अशा कथेवर भार टाकता येत नाही. परंतु नाव कानाला कसे लागले, याचा तो पुरावा आहे.

भोकरदनच्या बाबतीत लोकांचा कान आणि इतिहास यांची फारकत स्पष्ट दिसते. ऐकणाऱ्यास ‘भोकर’ हे झाड आठवते. प्रत्यक्षात हे प्राचीन ‘भोगवर्धन’ होय. सांची व भारहूत येथील शिलालेखांत भोगवर्धनच्या दात्यांचे उल्लेख आहेत. येथील उत्खननात मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी साम्य आहे. दोन हजार वर्षांपूर्वी दूरदूरच्या वाटांवर असलेल्या गावाचे नाव काळाने हळूहळू झिजविले, ‘ग’चा ‘क’ केला, ‘व’ गाळला, ‘ध’चा ‘द’ केला. पण अक्षरांचा क्रम मात्र सांभाळला. मुलांच्या खेळात अक्षरे तीच राहतात आणि क्रम बदलतो. भाषेच्या इतिहासात बहुधा याच्या उलट घडते.

दुधना नदीचे नाव आणखी एक मुद्दा पुढे आणते. ‘दुधना’ म्हणजे ‘दूध ना’ असे कोणी म्हटले तर ऐकणारा मान डोलावतो, लेखनाचा काटेकोर परीक्षक मात्र अडवितो. ‘दूध’ दीर्घ, ‘दुधना’तील ‘दु’ ऱ्हस्व. मराठी उच्चारात इ–ई, उ–ऊ यांच्या ऱ्हस्व-दीर्घत्वाने सहसा अर्थ बदलत नाही, ते बहुतांशी स्थानावर अवलंबून असते. लेखनात मात्र ते नियमाने पाळावे लागते. अक्षरखेळ कानाचा मानावा की डोळ्यांचा, हा वाद येथे उपस्थित होतो आणि पुढील भागात तो अधिक तीव्र होतो.

गत आणि प्रत्यागत

उलटसुलट सारख्याच वाचल्या जाणाऱ्या रचनेस संस्कृतात ‘गतप्रत्यागत’ म्हणतात. गेलेले आणि परत आलेले, असा त्याचा अर्थ. म्हणजे शास्त्राने या खेळाला नावच प्रवासाचे दिले आहे. दंडीच्या ‘काव्यादर्शा’त अशा रचनांचा विचार आहे. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’च्या पंधराव्या आणि माघाच्या ‘शिशुपालवधा’च्या एकोणिसाव्या सर्गात त्यांची प्रात्यक्षिके आहेत. परंतु या संदर्भात सर्वांत जवळचे नाव गोदाकाठचेच आहे. सोळाव्या शतकात पार्थपूर येथे, म्हणजे अभ्यासकांच्या मते आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरी येथे, दैवज्ञ सूर्यकवी होऊन गेला. तो ज्ञानराज या ज्योतिर्विदाचा पुत्र. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर त्याने १५४१ मध्ये ‘गणितामृतकूपिका’ ही टीका लिहिली. याच सूर्यकवीचे ‘रामकृष्णविलोमकाव्य’ प्रसिद्ध आहे. सुलट वाचले असता रामकथा आणि विलोम वाचले असता कृष्णकथा, अशी त्याची बांधणी आहे. गणिती आणि अक्षरखेळाडू एकाच देही नांदावेत यात नवल नाही, दोघांचेही काम क्रमचयाशी आहे. परतूर तालुका १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होता, हे लक्षात घेता हा वारसा जालना जिल्ह्याच्या अगदी उंबरठ्यावरचा आहे. त्याची माहिती येथील शाळकरी मुलांपर्यंत फारशी पोहोचलेली नसावी, ही खेदाची गोष्ट आहे.

मराठीत या परंपरेचे जे लोकप्रिय अवशेष आहेत त्यांत ‘रामाला भाला मारा’, ‘चिमा काय कामाची’, ‘ती होडी जाडी होती’ आणि ‘तो कवी डालडा विकतो’ ही वाक्ये येतात. त्यांतील होडीचे वाक्य प्रवासाचे. ते इतके सहज का जमते? याचे उत्तर मराठी क्रियापदात आहे. तृतीयपुरुषी सर्वनाम आणि क्रियापदाचा प्रत्यय यांचे अक्षर मराठीत एकच असते. ‘तो जातो’ हे वाक्य उलट वाचून पाहावे : तो, जा, तो. ‘तो येतो’, ‘तो देतो’, ‘तो घेतो’, ‘तो खातो’ ही सर्व वाक्ये आपोआपच गतप्रत्यागत आहेत. नपुंसकलिंगी ‘ते जाते’, ‘ते येते’ हीही तशीच. स्त्रीलिंगी ‘ती जाते’ येथे प्रमाण भाषा साखळी तोडते. जुन्या काव्यभाषेतील व काही बोलींतील ‘ती जाती’ हे रूप मात्र साखळी जोडून धरते. भूतकाळात ‘ती होती’, ‘ते होते’ अशी चौकट तयारच असते आणि मध्ये ‘डी जा डी’ बसविले की होडी तरंगू लागते. जाणे-येणे सांगणारी साधी वाक्ये मुळातच जाऊन परत येणारी असावीत, हा योगायोग मनोहर आहे. एकाक्षरी धातू असेल तरच तो घडतो. ‘तो धावतो’ म्हटले की बिघडतो.

‘तो कवी डालडा विकतो’ या वाक्याची कथा निराळी आहे. आजच्या लेखनाप्रमाणे त्यात एकदा ‘वी’ आणि एकदा ‘वि’ येतो, म्हणजे ते काटेकोरपणे उलटत नाही. पण मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनमान्य होण्यापूर्वी तत्सम इकारान्त शब्द ‘कवि’ असा ऱ्हस्व लिहिला जात असे. त्या लेखनात हे वाक्य तंतोतंत जुळत होते. शुद्धलेखनाच्या नियमाने एक खेळ मोडला, आणि तरीही लोकांनी तो टाकला नाही. कारण कानाला काहीच बदललेले नव्हते. ‘चिमा काय कामाची’ यातही ‘चि’ व ‘ची’ असा भेद आहे आणि तो कोणी मनावर घेतलेला नाही. संस्कृत शास्त्रकारांनी चित्रकाव्यात अनुस्वार-विसर्गाचा भेद न मानण्याची आणि ‘ब–व’, ‘ड–ल’ ही वर्णयुग्मे एकच समजण्याची सवलत दिली होती. मराठीने ऱ्हस्व-दीर्घाची सवलत स्वतःहून घेतली आहे. अनुस्वाराची जुनी सवलत लावली तर ‘मंठा’ उलटून ‘ठाम’ होतो, आणि एक तालुका हाती लागतो. एकेका अक्षराच्या उलट्या नावांची गावे शोधायची तर ओडिशातील ‘कटक’ आणि सिमल्याच्या डोंगरी रेल्वेचे आरंभस्थान ‘कालका’ ही दोन ठळक आहेत. वाहनांत ‘जहाज’ तसे आहे.

गाडीतील खेळ

पुस्तकी परंपरेपेक्षा प्रवासातच हे ज्ञान अधिक जिवंत राहिले. एसटीत किंवा रेल्वेच्या डब्यात मुलांचा गट बसला की गावांच्या नावांच्या भेंड्या सुरू होतात. जालना म्हटले की ‘न’. नाशिक, मग कन्नड, मग डोंबिवली, मग लातूर, मग राजूर. येथवर खेळ सुखाने चालतो आणि मग ‘र’च्या घाटात अडकतो. राजूर हे भोकरदन तालुक्यातील गणपतीचे क्षेत्र ‘र’ने सुरू होऊन ‘र’नेच संपते. रावेरही तसेच. राहुरी व रत्नागिरी यांच्या शेवटीही ‘री’ असल्याने ‘र’च पुढे येतो. ज्याच्यावर राज्य आले त्याला ‘र’ची चार नावे ठाऊक असतील तर तो समोरच्यावर तेच ओझे परत टाकू शकतो. ‘पूर’ आणि ‘नगर’ या प्रत्ययवजा पदांमुळे महाराष्ट्रात ‘र’ने संपणारी नावे उदंड आहेत. बदनापूर हे त्यांपैकीच. मराठवाड्याची स्वतःची खोड ‘ड’ ही आहे. अंबड, बीड, नांदेड, कन्नड, सिल्लोड, गंगाखेड, मुखेड अशी रांग लागते, आणि ‘ड’ने सुरू होणारी नावे शोधण्यासाठी थेट डहाणू-डोंबिवलीपर्यंत कोकणात जावे लागते.

परभणी, परळी, पैठण, वेरूळ यांच्याबाबत वर सांगितलेला नियम आडवा येतो. ‘ण’ व ‘ळ’ यांनी कोणतेच नाव सुरू होत नाही. म्हणून ‘ण’ला ‘न’ आणि ‘ळ’ला ‘ल’ चालतो, असा ठराव मुले खेळाआधीच करून टाकतात. व्याकरणाचे पुस्तक न उघडता केलेला हा ठराव ध्वनिशास्त्रदृष्ट्या अचूक आहे. शासकीय नामांतरांचाही या खेळावर परिणाम झाला आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. त्यामुळे ‘द’ची दोन मोठी नावे गेली आणि ‘र’च्या भाऊगर्दीत आणखी एकाची भर पडली. ‘द’ टाकायचा तर जालन्याच्या मुलांच्या हाती जाफ्राबाद अजून आहे, आणि तो झेलायला जवळच देऊळगाव राजा.

याहून महत्त्वाची आहे ती ‘च’ची भाषा. शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी न्यायचे आणि आरंभी ‘च’ लावायचा. जालना होतो ‘चलनाजा’, परतूर होतो ‘चरतूरप’. मोठ्यांना कळू नये म्हणून भरभर बोलली जाणारी ही भाषा म्हणजे चालता-बोलता अक्षरव्यत्यासच होय. विशेष असे की लेखनात अडणारा ‘अंबड’ येथे ‘चबडअं’ असा बिनतक्रार उच्चारला जातो. अक्षर हाच मराठी भाषकाच्या मनातील घटक आहे, याचे यापेक्षा बोलके प्रमाण शोधण्याची गरज नाही. जे मूल ‘च’ची भाषा बोलू शकते त्याला अक्षर कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे कोणी शिकवावे लागत नाही.

गुप्ततेसाठी अक्षरे बदलण्याची प्रथा या भूमीला नवी नाही. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वि. ल. भावे, वि. का. राजवाडे यांच्या प्रयत्नांनी त्या अभ्यासकांसमोर उलगडल्या. त्यात क्रमाची नव्हे, तर एका अक्षराच्या जागी दुसऱ्याची योजना होती. खेळ म्हणून नव्हे, श्रद्धेने ती केली होती. चक्रधरस्वामी ज्या ज्या गावी थांबले त्या स्थानांची नोंद करणारी ‘स्थानपोथी’ हीदेखील याच पंथाची. भोकरदन तालुक्यातील जाळीचा देव हे त्यांचे क्षेत्र आजही यात्रेकरूंनी गजबजलेले असते.

सुटणे या क्रियेचा विस्तार

अक्षर न हलविता अर्थ हलविणारे शब्दही प्रवासात पुष्कळ भेटतात. ‘सुटणे’ हा त्यांचा राजा म्हणावा लागेल. शाळा सुटते, म्हणून सुटी लागते. गाडी सुटते, म्हणजे वेळेवर निघते, आणि ‘माझी गाडी सुटली’ म्हणजे ती हातची गेली. वाहक ‘सुटे द्या’ म्हणतो तेव्हा तो नाणी मागत असतो. गाठ सुटते, कोडे सुटते, वाराही सुटतो. एका धातूने सुटीचा सारा दिवस सांगून होतो. ‘वाट’ हा शब्दही तसाच. ‘वाट पाहीन पण एसटीनेच जाईन’ हे घोषवाक्य महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. वाट पाहणे म्हणजे शब्दशः रस्त्याकडे डोळे लावणे, आणि थांब्यावरील प्रवासी नेमके तेच करीत असतो. ‘वाट लागणे’ याचा अर्थ मात्र कोणी विचारू नये. ‘प्रवास’ या शब्दात ‘वास’ आहे. घरापासून दूर राहणे हा त्याचा मूळ संस्कृत अर्थ असून हिंडण्याचा अर्थ नंतरचा आहे. ‘माथेरान’ हे नाव तोडले की माथ्यावरचे रान दिसते. ‘मनमाड’ तोडले की माड दिसतो, तो गावात शोधूनही सापडणार नाही.

यंत्राची अडचण

अक्षर की वर्ण, हा वाद संगणकाने व्यवहाराच्या पातळीवर आणला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. पण तेथे ‘जा’ हे एक चिन्ह नसून ‘ज’ आणि काना अशी दोन चिन्हे साठविली जातात. साध्या आज्ञावलीला ‘जालना’ उलटा करण्यास सांगितले तर ती पाच चिन्हे उलटविते. काना सर्वांत पुढे येऊन निराधार लटकतो, मधला काना ‘ल’ला चिकटतो आणि ‘ान लाज’ असा अवशेष पडद्यावर उमटतो. आठ वर्षांचे मूल ‘नालजा’ म्हणेल तेथे यंत्र चुकते. कान्यामात्रांना व्यंजनापासून न तोडण्याचे नियम युनिकोडने पुढे घातले, तरी जोडाक्षरांचा प्रश्न राहिला होता. ‘जाफ्राबाद’मधील ‘फ्रा’ हे एकच अक्षर आहे, पण हलन्तापाशी ते तोडले जात असे. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीत भारतीय लिप्यांतील अशी जोडाक्षरे एकसंध धरण्याचा नियम समाविष्ट झाला.

याचा अर्थ असा की मराठी शब्दकोडी, भेंड्या वा अक्षरपालटीचे खेळ संगणकावर आणावयाचे असल्यास आता मूलभूत अडसर उरलेला नाही. अडसर आहे तो शब्दसंग्रहाचा. गावांच्या नावांची अशी मराठी सूची लागेल, जिच्यात जालन्यासोबत जांब समर्थ, राजूर, अन्वा आणि जाळीचा देवही असतील, आणि जिच्यातील नावे रोमन लिपीतून उलटी आणलेली नसतील. रोमनमधून आणलेल्या सूचीत ‘अंबड’चा ‘अंबाड’ आणि ‘मंठा’चा ‘मंथा’ होतो, आणि मग ‘ठाम’ही जातो. सुटीत घरी राहणाऱ्या मुलांना आपल्या तालुक्यातील पन्नास गावांची नावे मराठीत लिहून आणावयास सांगणे हा शाळांना कोणत्याही खर्चाविना करता येण्याजोगा आरंभ आहे. एसटीच्या पाट्या आणि स्थानकांचे फलक हेच त्याचे पाठ्यपुस्तक.